झरीतला माझा शेवटचा वापरकर्ता

मी एक डेटाबेस लिहिलाय. म्हणजे माहिती साठवणारा आणि मागाल तेव्हा पुढे करणारा प्रोग्रॅम. कोड सगळ्यांना खुला, वर फुकट. नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं खपलो, आणि जगात त्याचा वापरकर्ता उरला एकच: तलासरी तालुक्यातल्या झरीचा छोटा दवाखाना. २०१८च्या उन्हाळ्यात तिथल्या नर्स सुनंदाताईंचा फोन आला, "सर, एकदा येऊन जा ना." मी हरखलो. कुणाला तरी माझ्याकडून काहीतरी हवं होतं! बायको म्हणाली, "नवरदेवासारखी बॅग भरतोयस."

डहाणू रोडला सकाळच्या गाडीने उतरा, म्हणजे ऊन चढायच्या आत पुढे निघता येतं. ताडगोळे दिसले तर सोडू नका. सोलून घ्या आणि तिथेच उभ्याने खा. तलासरीला एसटी जाते, पण मला शेअर जीप आधी मिळाली. शेजारी एक वाडीवाले काका होते. इथे जिकडेतिकडे एकाच जातीचा चिकू कसा, असं त्यांना विचारलं.

"व्यापारी तोच उचलतो. माझ्या घरामागं दुसरं झाड हाय, याच्याहून गोड. पण त्याला विचारतो कोण?"

मला हसू आलं. तेव्हा आलं.

तलासरीत हायवेलगत जेवून घेतलं ते बरं केलं, कारण पुढे झरीत मला फक्त चहा मिळाला. सुनंदाताईंनी आधी पाणी दिलं, खुर्ची पुसली आणि मग म्हणाल्या, "सर, यातली सगळी माहिती काढून द्याल? दवाखाना चालवणाऱ्या संस्थेनं दुसरा डेटाबेस घ्यायचं ठरवलंय." नाव सांगितलं. अवघं जग वापरतं तोच.

"माझा कधी अडला का?"

"नाय ओ सर, कधीच नाय. तो दुसरा आमच्या वापीच्या दवाखान्यात सारखा अडतो."

"मग?"

"अडतो म्हणून तर तलासरीच्या कॉम्प्युटर रिपेरवाल्याला तो नीट करता येतो. नेटवर पण ढीगभर उत्तरं मिळतात. तुमचा कधी बिघडलाच नाय, मग कोण शिकणार? उद्या बिघडला नि तुम्ही नसलात, तर पोरांच्या लसीची तारीख मी त्यांच्या आयांना कुठून सांगू?"

त्यांचं बरोबर होतं, आणि तेच सहन होईना. त्या दुसऱ्यात बिघाड होतात, म्हणून त्याच्याभोवती माणसं जमली. विचारत, शिकवत, एकमेकांना धरून. मी जन्मभराची हौस ओतून कुणाला काही विचारावंच लागणार नाही असं काहीतरी बनवलं होतं. दुपारभर बसून मी माझ्याच हाताने सगळी माहिती त्या दुसऱ्या डेटाबेसात घातली. एकदा तरी अडावं असं फार वाटत होतं. अडलं नाही.

परतताना तलासरीहून हायवेच्या बस मिळतात. पाणी जवळ ठेवा. मी खिडकीकडे तोंड करून रडलो. घरी बायकोला सांगितलं, डोळ्यांत धूळ गेली.

पुढच्या आठवड्यात ताईंचा मेसेज आला: "सर, नवीन अडला होता. पण तुम्ही नका येऊ, नेटवर उत्तर मिळालं."

मी "छान" एवढंच लिहिलं. त्यानंतर कोड उघडलेला नाही. माझ्या कपाटातल्या जुन्या लॅपटॉपवर तो अजून बिनचूक चालतो, आणि त्याला विचारायला कोणी नाही.