भाऊजींचा बैलबाजार आणि मुक्ताचं इंग्रजी

आमचे धाकटे भाऊजी या जगातली कुठलीही गोष्ट बैल समजल्याशिवाय विकत घेत नाहीत, नाकारत नाहीत आणि तिच्यावर प्रेमही करत नाहीत. फ्रीज घ्यायला गेले तेव्हा आधी चारी पाय हलवून बघितले, मग दार उघडून आत वाकले. मी म्हटलं, "भाऊजी, दात नाहीत त्याला." तर म्हणाले, "म्हणूनच सोबत गॅरंटीचा कागद देत्यात, वहिनी." पुतणीसाठी स्थळ बघायला गेले, तर त्या बिचाऱ्या नवऱ्या मुलाला अंगणात दोनदा चालायला लावलं. मी कुठल्या तोंडानं हसू? मला बघायला मंडळी आली, तेव्हा कुणी न विचारता मी गायीवरचा इंग्रजी निबंध घडाघडा म्हणून दाखवला होता. गायीच्या चार पायांपर्यंत पोचले आणि सासरे म्हणाले, "बास, पोरगी बोलती." काठावर पास झालेली मी पुढं वर्षभर मडमेच्या ऐटीत भूमच्या बाजारात भाजीवाल्यांना 'थँक्यू' म्हणत हिंडले. वांगी मात्र कुणी स्वस्त दिली नाहीत.

माझी नात मुक्ता परदेशी शिकायला जायचं म्हणाली, तेव्हा घरात परीक्षांची नावंच नावं झाली. कॉलेजात घेण्यासाठी सॅट, शिवाय इंग्रजी येतं का ते बघायला आयेल्ट्स नाहीतर टोफेल. एक झाली की दुसरी कशाला, हे कुणाला कळेना. भाऊजींनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि निवाडा दिला. "सॅट म्हंजे दात बघणं. गणित येतंय का, वाचलेलं कळतंय का, जनावराचा वकूब कळला. इंग्रजीची परीक्षा म्हंजे चाल बघणं. दात चांगले म्हणून चाल चांगली, असं न्हाय."

"आणि या दोन इंग्रजीतली कुठली द्यायची, तात्या?" मुक्तानं भाऊजींना विचारलं.

"टोफेलला मशीनपुढं बोलायचं म्हणती ना? अन् आयेल्ट्सला समोर माणूस? मग माणूसच बरा. मशीन काय मान डोलावतंय व्हय?"

सॅट झकास गेली. आयेल्ट्समध्ये मात्र पोर बोलण्यात आपटली. समोर पांढऱ्या केसांचे गृहस्थ बसलेले. त्यांनी विषयाचं कार्ड दिलं, दोन मिनिटं एकटीनं बोल म्हणाले. मुक्ता दोन वाक्यं बोलली आणि खाली मान घालून गप्प. "एवढ्या मोठ्या माणसापुढं किती बोलायचं, आजी?" घरचं वळण असं परीक्षेत उतरलं. कॉलेजाला हवे तेवढे गुण पडले नाहीत आणि मुदतीआधी एकदाच परत बसता येणार होतं. सगळे म्हणाले, आता टोफेल दे, मशीनला वय नसतं. भाऊजी एकटे हटून बसले. "अन् तिकडं गेल्यावर? तिकडचे मास्तर बी म्हातारेच असणार की. तवा काय करशील?"

पुढच्या बाजारी त्यांनी तिला थेट भूमच्या बैलबाजारात नेलं. मी तमाशा बघायला मागोमाग. लिंबाखाली त्यांचे पांढऱ्या मिशांचे मैतर ओळीनं बसलेले. "ह्या खिलार बैलावर बोल. इंग्रजीत." मुक्ताची मान खाली. "खाली काय बघती? खुरं मी बघितल्यात. मान वर!" ती बोलायला लागली. अडखळली की मिशा एका सुरात विचारायच्या, "फुडं?" त्यातल्या एका म्हाताऱ्यानं मधेच बैलाची किंमत विचारली. पोर अशी भडकली, की त्याला इंग्रजीतूनच थांबवून तिनं बैल शेपटीपर्यंत पुरा केला. भाऊजी मांडीवर थाप मारून ओरडले, "चालली!" मग म्हणाले, "आता वहिनी, तुमी." मी उठले, पदर खोचला आणि गायीच्या चार पायांपाशी अडकले ती अडकलेच.

मग मुदत जवळ येईपर्यंत दर बाजारी तोच प्रकार. मुक्ता परत आयेल्ट्सला बसली, हवे तेवढे गुण पडले आणि गेली.

आता भाऊजी बाजाराला जातात, बैल बघतात आणि किंमत न विचारता परत येतात. परवा ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, मला बी एक कार्ड द्या की." मी म्हटलं, "ज्या माणसाची आठवण येते त्याच्यावर बोला. दोन मिनिटं. मराठीत चालेल."

"आमची मुक्ता..." एवढं म्हणाले आणि पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

'मान वर' म्हणून चिडवायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मीच खाली बघितलं, आणि हळूच म्हटलं, "फुडं?"