सातूवर घातलेली पांघरुणं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर कधी जमलंच नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पण शरददादांना जाऊन दीड महिना झाला, आणि त्यांच्याबद्दल जे कुणाला बोलले नाही ते या वहीत लिहून ठेवते. शुक्रवारी ते कामाच्या पायरीवरचा बर्फ फावड्याने काढत होते. "सुमनताई, जपून, निसरडं आहे," म्हणाले. सोमवारी कामावर गेले तर कळलं, झोपेतच गेले...

इथे कॅनडात, व्हिटबीच्या पुढे एका जुन्या दगडी इमारतीत व्हिस्की बनते. मालकाच्या आजोबांनी ती सुरू केली, वडिलांनी बंद केली, नातवाने पुन्हा भट्टी पेटवली. मी तिथे झाडलोट करते. नागपूरचे शरददादा सातू बघायचे. दोन दिवस भिजवलेला सातू फरशीवर पसरायचा आणि नीट मोड येईपर्यंत, आतून तापू नये म्हणून दर काही तासांनी लाकडी फावड्याने उलटायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, हे तर आमच्या नाचणीच्या सत्त्वासारखंच. दादा खूप हसले. "मी इंजिनियर होऊन शिकलो ते तुम्ही चुलीपाशी शिकलात! फरक एवढाच, तुमचं पिऊन बाळ झोपतं, आमचं पिऊन बाप."

मी कामाला लागले त्याच हिवाळ्यात घात केला. आई मोडाचं फडकं नेहमी उबेत ठेवायची. फरशी गार लागली म्हणून एका संध्याकाळी निघताना कोठीतली सगळी जाड पांघरुणं मी सातूवर घातली. वादळाने रस्ते बंद झाले, दादांना सकाळपर्यंत येता आलं नाही. आले तेव्हा आतून वाफ निघत होती. मुळं एकमेकांत गुंतून गोधडी झालेली, वास आंबूस. सगळा सातू डुकरांना गेला. मालकाने विचारलं तेव्हा दादा म्हणाले, "मीच झाकला." पैसे त्यांच्या पगारातून कापले. माझं वर्क परमिट त्याच नोकरीवर होतं. मी मॉप धरून उभी राहिले, तोंड उघडलं नाही.

नंतर म्हटलं, दर पगाराला वीस डॉलर देईन. ते नको म्हणाले नाहीत. "द्या. नाहीतर मला बघून रस्ता बदलाल." दादा गेले तेव्हा दोन हप्ते राहिले होते.

परवा ते चाळीस डॉलर घेऊन मी वहिनींकडे गेले आणि सगळं सांगितलं.  वहिनी म्हणाल्या, "सातूला पांघरूण घालणारा इंजिनियर म्हणून मी चारचौघांत त्यांची टिंगल केली गं, सुमन. ते नुसते हसायचे..."

मी दोन नोटा पुढे केल्या. दाराशी दादांचं कामावरचं जाकीट अजून टांगलेलं होतं. वहिनींनी नोटा त्याच्या खिशात घातल्या. हात बाहेर काढला तर बोटांना सातूचे दोन दाणे चिकटलेले.

"आता काही राहिलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही वहिनी. सगळे फिटले."