डोंगराने पिळलेला वारा

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात मावशींना सत्तावीस वर्षं झाली. सोड्याने बोटं पांढरी पडली, गुडघे कुरकुरू लागले. पण आकाश बघून दोरी बांधायची की नाही, हे सांगण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मावशी मूळच्या डोंगरापलीकडच्या. माहेरी कपडे चुलीवर वाळवायचे, तरी दमटपणा अंगाला चिकटून राही. लग्न होऊन अलीकडे आल्या आणि पहिल्याच दिवशी साडी तासाभरात कोरडी ठणठणीत झाली. तेव्हापासून डोंगर त्यांना घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. दूर समुद्रावरून भरून आलेला वारा त्याला अडतो, चढता चढता गार होतो, सगळं पाणी पलीकडेच सांडतो. मग रिता होऊन अलीकडे उतरताना तापत जातो. "आपण चादर पिळतो, तो वारा पिळतो," मावशी म्हणत.

त्या दिवशी सकाळीच ड्रायर बंद पडला. दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांसाठी साठ चादरी संध्याकाळपर्यंत इस्त्रीला हव्या होत्या, आणि डोंगरमाथ्यावर काळा ढग ठाण मांडून बसलेला.

"गच्चीवर नको, मावशी," नवी मॅनेजरबाई म्हणाली. "भिजल्या तर सगळंच मुसळ केरात. ऑपरेशनं पुढे ढकला म्हणून कळवते."

"थांबा. आधी माझ्या हवामान खात्याला विचारते." त्यांनी माहेरी धाकट्या भावाला फोन लावला. "कसा आहे रे पाऊस?"

"कोसळतोय. अंगणात गुडघाभर पाणी. आम्ही बुडालो हे ऐकायलाच फोन करतेस ना, ताई?"

"वारा?"

"दारं आपटतायत. निघालाय तुमच्याकडे."

"येऊ दे."

"आणि ढगही आला तर?" मॅनेजरबाईने विचारलं.

"सकाळपासून हललाय का बघा. वारा पुढे येतो, ढग माथ्यावरच विरतो."

बाईने माथ्यावरच्या ढगाकडे नीट पाहिलं. मग तिनेच पहिली बादली उचलली.

वारा जोराचा येणार म्हणून मावशींनी प्रत्येक चादर दुहेरी टाकली, वितीवितीवर चिमटा लावला. दुपारी तो उतरला. भट्टीचं दार उघडावं तसा. चादरी फडाफडा वाजू लागल्या. एक सुटून पाण्याच्या टाकीला जाऊन बिलगली, ती बाईने धावत जाऊन सोडवली आणि पुन्हा धुवायला नेली. चारच्या आत साठही चादरी इस्त्रीच्या टेबलावर होत्या, हाताला अजून ऊन लागत होत्या.

मावशी गच्चीवर एकट्याच डोंगराकडे बघत राहिल्या. मग भावाला फोन केला.

"वाळल्या रे."

"नशीबवान आहेस. आमची पोरं आठ दिवस ओलेच शर्ट घालतायत."

"उद्याच्या पहिल्या बसमध्ये सगळी गाठोडी टाक. पिळून मात्र पाठव, नाहीतर ड्रायव्हर मला शिव्या घालेल."

मागे मॅनेजरबाई कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"दोऱ्या राहू देत," ती म्हणाली. "चिमटे कमी पडतील, मी घरून आणते."