नववी पायरी किनारीबाहेर

मास्तरांच्या डाव्या हाताचा अंगठा स्वस्थ बसलेला मी फार क्वचित पाहिला. करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकायचा, एक. तिथून उडी मारायचा, दोन. मग चार, आठ, सोळा. बाराव्या पेरावर दोन हजार अठ्ठेचाळीस झाले की मास्तर चहाचा घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "दुप्पट करायची की. कदी ना कदी येतंयच."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल? मी चादरींचा फिरता विक्रेता. आकडा वाढवून सांगणं हे माझं पोट. म्हणून तुमच्यासाठी कमीत कमी सांगतो, एक लाख वेळा.

त्यांचं नाव सांगत नाही. त्यांचे साडू अजून सोलापुरात आमच्या पूर्व भागात राहतात आणि त्यांचा हात जड आहे. आम्ही सगळे त्यांना मास्तरच म्हणायचो. शाळेचे मास्तर नव्हेत, पुठ्ठ्यांचे. सोलापुरी चादरीवरचा मोर मागावर आपोआप उतरत नाही. आधी तो चौकटीच्या कागदावर काढतात. त्या कागदावरच्या एकेका चौकोनाला आमच्याकडे घर म्हणायचे. घरं बघून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे ओवून मागावर चढवायचे. मग जिथं भोक तिथला धागा उठतो, जिथं नाही तिथला बसून राहतो. भोकं पाडायचं यंत्र मास्तरांच्या स्वतःच्या घरात होतं, लाकडी चौकटीचं, सासऱ्यांनी दिलेलं. पूर्व भागातले निम्मे मोर त्या यंत्रातून उडालेले आहेत.

एरवी हा माणूस म्हणजे पायाला इंगळी डसलेली. बाकावर बसला तर मांडी हलायची, मांडी धरली तर टाच हलायची. अप्पांच्या हॉटेलात आम्ही बसायचो तिथं मास्तर आले की टेबलावरच्या बशा वाजायला लागायच्या, आणि रस्त्यावरची माणसं कुठं आगगाडी आली म्हणून बघायची. फक्त त्या यंत्रापुढं बसले की पाय थांबायचे. अंगठासुद्धा. तेव्हा शेजारी कुणी बाळंत झालं तरी त्यांना पत्ता लागायचा नाही.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं, आणि ते वर्षानुवर्षं पुरलं. डावात हरल्यावर पुढचा डाव दुप्पट लावायचा की जिंकल्यावर?

मास्तरांचं म्हणणं, हरल्यावर. एक रुपया गेला, दोन लावायचे. दोन गेले, चार. एकदा जिंकलात की मागचं सगळं वसूल होऊन वर एक रुपया शिल्लक.

"एक रुपयासाठी एवढं?" मी विचारायचो.

"रुपयाचं काय घेऊन बसलास? हिशेब खरा व्हायला पायजे."

मी जिंकल्यावर वाढवण्याच्या पक्षाचा. "आलेल्या पैशानं खेळा, मास्तर. गेलेल्याच्या मागं धावलेला माणूस मी गुंटकलपर्यंत पाहिलाय, चड्डीवर."

"तुझा माणूस चौथ्या डावाला थांबला आसंल. धीर न्हाय लोकांना."

अप्पा हॉटेलचे मालक, मूळचे मैंदर्गीचे, घरात कानडी बोलणारे. ते कधी पत्त्याला शिवले नाहीत, पण कपबशा विसळता विसळता निकाल द्यायचे. "मास्तर, ही कपबशी बघा. हिच्या आधीची काल फुटली. हिला ते ठाऊक हाय काय? मग पत्त्याला कसं ठाऊक, तुम्ही मागं आठ वेळा हरलाय म्हणून?"

मास्तर विचारात पडायचे. बशा दोन क्षण गप्प व्हायच्या. मग अंगठा पुन्हा करंगळीवर. "पन सगळ्या कपबशा तर फुटत न्हाईत की, अप्पा."

अप्पा पुढची कपबशी विसळायला घ्यायचे. याला उत्तर माझ्याकडे होतं, पण ते कानडीत छान वाटलं असतं आणि मला कानडी येत नाही.

एकदा हे भांडण जुंपलं असताना मास्तरांच्या पिशवीत नव्या चादरीचा कोरा कागद होता, चारशे घरं रुंदीचा. किनारीपासून किनारीपर्यंत एकच नक्षी. मला पटवण्यासाठी त्यांनी तो टेबलावर पसरला आणि तांबड्या पेन्सिलीनं एक घर रंगवलं, मग घर न सोडता मधे नुसती काळी रेघ मारून शेजारी दोन, मग चार, मग आठ. तेवढ्यात मी त्यांना विजापूरच्या एका म्हशीची गोष्ट सांगायला लागलो आणि कागद पिशवीत गेला.

पुढं काय झालं ते फक्त मास्तरांच्या हातूनच होऊ शकतं. यंत्रापुढं बसलं की त्यांचं डोकं बंद आणि हात चालू. पिशवीतून कागद निघाला, हातानं घरं वाचली, एक, दोन, चार असे सुरू झालेले पट्टे किनारीपर्यंत पुरे केले आणि अख्खी पुठ्ठ्यांची थप्पी त्याच हिशेबानं भोकं पाडून मागावर गेली. संध्याकाळी मागावरून मोराऐवजी दुप्पट उतरली. किनार तेवढी निळी, आत सगळे लाल पट्टे, मधे केसाएवढी काळी रेघ. पहिला सुतळीएवढा, मग बोटाएवढा, मग हाताएवढा; आठवा एवढा रुंद की त्यावर मूल झोपवावं; आणि नववा सुरू होतो न होतो तोच किनार आली, पट्टा मधेच कापलेला.

कारखान्याच्या मालकांनी ती डोळ्यासमोर धरली. "मास्तर, ही चादर आहे का विजेचं बिल?"

चादर मास्तरांच्या गळ्यात पडली, मास्तरांनी ती माझ्या गळ्यात घातली. मी वाळवंटात वाळू विकलेला माणूस, पण ती चादर हुबळीपर्यंत फिरवूनही खपली नाही. एक गिऱ्हाईक म्हणालं, ही पांघरून झोपलं तर माणूस रुंद पट्ट्याच्या बाजूला गडगडत जाईल.

परत आल्यावर मी ती अप्पांच्या टेबलावर टाकली आणि पट्टे मोजून दाखवले. "बघा मास्तर. आठ पायऱ्यांत दोनशे पंचावन्न घरं संपली. नववीला दोनशे छप्पन्न पाहिजेत. राहिली एकशे पंचेचाळीस. तुमची दुप्पट किनारीबाहेर गेली."

मास्तरांनी बोट फिरवत पट्टे पुन्हा मोजले. मला वाटलं, जिंकलो.

"रुंद माग घ्यायचा की," ते म्हणाले.

त्या साली गड्ड्याची जत्रा उठली तरी एक पत्तेवाला गावात मागं राहिला. अप्पांच्या हॉटेलामागं मोकळं मैदान आणि चिंचेचं झाड होतं, त्याखाली तो अंदर-बाहर लावायचा. खेळ सोपा. एक पत्ता उघडा करायचा, मग एक पत्ता आत, एक बाहेर असे वाटत जायचं. उघड्या पत्त्याचा जोडीदार ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकली. ही बातमी मास्तरांना कुणी दिली असेल? इतका हलकट माणूस आमच्यात एकच होता. तो आत्ता तुमच्याशी बोलतोय.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मास्तरांच्या बायकोनं मला त्यांच्या दारात अडवलं. त्या मला अन्ना म्हणायच्या, थोरला भाऊ. "अन्ना, छपराच्या पत्र्यांसाठी ठेवलेले चारशे रुपये डब्यात न्हाईत."

"मी बघतो, वहिनी."

"पैसे गेले तर जाऊ द्या. गळतंय, गळू दे. पन यंत्र लावायची पाळी आली तर तेवढं होऊ देऊ नका." त्यांनी आत पाहिलं. लाकडी चौकटीवर धुतलेलं फडकं घातलेलं होतं. "ते चालू असतंय तेवढाच वेळ हा मानूस घरात असतोय."



दुपारी चिंचेखाली गेलो. हवेत गारवा होता म्हणून खांद्यावर ती चादर होती. जमिनीवर काटे होते म्हणून ती अंथरली. मुद्दाम अंथरली का, असं अप्पांनी मला नंतर विचारलं. थंडी होती आणि काटे होते, एवढंच मी त्यांना सांगितलं.

मास्तरांना चादर बघून आनंदच झाला. पहिला रुपया त्यांनी सुतळीएवढ्या पट्ट्यावर ठेवला. "आत."

बाहेर आलं. दोन रुपये दुसऱ्या पट्ट्यावर. बाहेर. चार. बाहेर. पत्तेवाला पैसे उचलायचा आणि मास्तर पुढच्या पट्ट्यावर सरकायचे, जणू कागदावरची घरंच वाचताहेत. आणि एक गोष्ट मला बरी दिसेना. त्यांचा पाय हलत नव्हता. अंगठाही नाही. यंत्रापुढं बसावा तसा माणूस शांत बसला होता.

ओळीनं आठ वेळा बाहेर आलं. हे मी वाढवून सांगत नाही; वाढवायचं असतं तर नऊ सांगितले असते. पत्तेवाल्याच्या बोटांत काही होतं का, ते त्याचं तो जाणे. दोनशे पंचावन्न रुपये गेले आणि मास्तरांच्या मुठीत एकशे पंचेचाळीस उरले.

"नववीला दोनशे छप्पन्न लागतात," मास्तर म्हणाले.

"कमी पडत असेल तर वस्तू लावा," पत्तेवाला म्हणाला.

"मास्तर, उठा," मी म्हणालो.

"आता? आता तर येनार की. यंत्र हाय माझं. लावलं."

त्यांनी खिशातून भोकं पाडायचा लोखंडी पंच काढला. यंत्राची खूण म्हणून तोच ठेवायचा होता. मी त्यांचं मनगट धरणार होतो. खोटं कशाला बोलू, धरलं नाही. माझा हात उठलाच नाही. अप्पा किटली घेऊन आले होते, तेही तसेच उभे.

मास्तरांचा हात नवव्या पट्ट्यावर गेला. पंच कुठं ठेवायचा म्हणून बोटं पट्ट्याचा मध्य शोधायला लागली. दोनशे छप्पन्न घरांचा मध्य एकशे अठ्ठाविसाव्या घरावर येतो, आणि त्याच्यापुढं तेवढीच घरं पाहिजेत. बोटं पुढं गेली, सतराच घरं. किनार आली. किनारीपुढं काटे आणि माती. पंच हवेत धरून मास्तर तसेच थांबले. आयुष्यभर ज्या हातानं घर नाही तिथं भोक पाडलं नव्हतं, तो खाली येईना. त्यांनी एकदा जोर करून पाहिला असं मला वाटलं. 

"हितं घरच न्हाय की," ते हळूच म्हणाले.

पंच खिशात घातला, उरलेले पैसे दुसऱ्या खिशात, आणि उठून हॉटेलाकडे चालू लागले.

"न खेळता बघून तरी जा," पत्तेवाला म्हणाला आणि पत्ते टाकत राहिला. आत, बाहेर, आत. तिसरा पत्ता जोडीचा पडला. आत.

मास्तर वीस पावलांवर पाठमोरे थांबले होते. मान वळवली नाही. "काय आलं?"

"बाहेर," मी म्हणालो.

"अप्पा?"

अप्पांनी जन्मात चहात पाणी वाढवलं नव्हतं. त्यांनी पत्त्यांकडे पाहिलं, मग किटलीकडे. "हौद," ते कानडीत म्हणाले, म्हणजे हो. "बाहेरच."

त्या पावसाळ्यात मास्तरांच्या घराला उरलेल्या पैशात जेवढे बसले तेवढे पत्रे बसले. यंत्रावरचं छप्पर नवं आणि चुलीवरचं जुनं, असं त्यांच्या बायकोनं बसवून घेतलं.

अंगठा मात्र आणखी बिघडला. बोलता बोलता मधेच नवव्या पेरावर अडकायचा, आणि मास्तर माझ्याकडे बघायचे. "बाहेर आलं होतं नव्हं?" दुकानात विचारायचे, लग्नात विचारायचे, एकदा तर मयताला गेलो असताना खांदा देता देता विचारलं. मी दर वेळी तोच एक शब्द सांगायचो. दुप्पट हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून गेला. बशा वाजायच्या, पण नुसत्याच.

दोन-तीन वर्षांनी ते इचलकरंजीला मेहुण्याकडे निघाले. तिकडं काम बरं होतं. दुपारच्या उन्हात ट्रक दाराशी लागला. बायको पुढं बसल्या. यंत्र मागं चढवलं, दोरीनं बांधलं, आणि मास्तर त्याच्या शेजारी पोत्यावर बसले. मी ती चादर घडी करून वर दिली. त्यांनी ती उलगडून किनार चाचपली आणि परत माझ्या अंगावर टाकली.

"तूच ठेव. आता खरं सांग. काय आलं होतं?"

"बाहेर."

मास्तर हसले. "मर्दा, विजापूरची म्हैस सांगायला तुला अर्धा तास लागला होता. आनि हे एका शब्दात? एका शब्दात तू कदी खरं बोललायस?"

मी तोंड उघडलं. माझ्याजवळ सांगण्यासारखं तासाभराचं होतं, सगळं खरं. त्यांनी हात वर केला. "असू दे. त्या दिवशीच कळलं होतं. तू परत परत सांगावं म्हनून इचारत होतो."

ट्रक सुरू झाला. एक हात यंत्रावर ठेवून मास्तर मागं तोंड करून बसले होते, दुसऱ्या हाताचा अंगठा पेरांवरून चालला होता. मी रस्त्यावर उभा राहून लांबून मोजत होतो. आठ झाले, आणि ट्रक वळला.