कागदावर मी सफाईवाली

डाव्या हाताला पट्टी होती, तरी ताट माझ्याच हातात दिलं. ताटात शाल, नारळ, फुलांचा गुच्छ. हॉटेलच्या हॉलमध्ये मालक, पाहुणे, सगळे कामगार. मॅनेजर माइकवर म्हणाला, "जिवाची पर्वा न करता स्वयंपाकघरातली आग विझवणारे आपले सुरक्षारक्षक, सातापा!"

टाळ्या.

आग मी विझवली होती.

ताट तोलताना पट्टीखालचं कातडं ओढत होतं. सातापानं शाल घेतली, माझ्याकडे बघितलं नाही. मॅनेजर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "जरा हास गो. फोटो काडतत."

मी हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

मी इब्रामपूरची. गोव्यातल्या पेडण्यात, किनाऱ्याजवळच्या या हॉटेलात चार वर्षं गेटवर उभी राहिले. खाकी गणवेश, शिट्टी, गाड्यांची नोंदवही. सत्काराच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी गॅसची नळी पेटली. आचारी ओरडत बाहेर पळाला. सातापा मॅनेजरची गाडी धुऊन आणायला गेला होता. आग विझवायचं शिक्षण त्याला दिलं होतं, मला नाही. मी दारातून बघून शिकले होते. गोणपाट भिजवलं, आत शिरले, सिलिंडरचा कॉक फिरवून बंद केला. हात भाजला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

सत्काराआधी मी मॅनेजरला विचारलं होतं, माझं नाव का नाही? तो म्हणाला, "तू कागदार सिक्युरिटीत नाय. सफाईत आसा. सफाईवालीन आग विझयली म्हणून सांगलें तर इन्स्पेक्टर विचारतलो, ती थंय कशाक गेली?"

कागदावर मी कोण, हे मला चार वर्षांनी कळलं. रक्षक म्हणून बाई लावली की तिला वेगळी खोली, शिक्षण, सगळं द्यावं लागतं. म्हणून राखणीवरच्या आम्हा चौघी बायकांना गणवेश दिला आणि कागदावर झाडू दिला. झाडू मारण्यात कमीपणा नाही. माझ्या आईनं जन्मभर मारला. पण मी जे करते ते माझ्या नावावर का नको?

स्वयंपाकघरासमोरच्या खोलीत ओक्साना राहायची, हॉटेलची पाहुणी. युक्रेनची. काठी घेऊन चालायची. लढाईत पायात लोखंडाचे तुकडे घुसले, म्हणून सैन्यातून सुटलेली. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला व्हरांड्यात बोलावलं. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. पण जे बोललो ते दोघींना समजलं.

"आग कोणी विझवली?"

"सातापानं."

"मी खिडकीतून बघत होते," ती म्हणाली.

मग तिनं स्वतःचं सांगितलं. पहिल्यांदा, २०१४ साली, लढाई पेटली तेव्हा ती मशीनगन चालवायची. जखमी माणसं खांद्यावरून आणायची. कागदावर मात्र ती शिंपीण होती. बाईला लढाईचं पद द्यायचा नियमच नव्हता. कोणी कागदावर स्वयंपाकीण, कोणी शिंपीण, आणि सगळ्या खंदकात. गणवेश पुरुषांचे, बूटसुद्धा पुरुषांचे. ती पुढे वाकून म्हणाली, "मी एकही बटण शिवलं नाही. मेले असते तर शिंपीण म्हणून मेले असते."

"मग?"

"मग बायका बोलल्या. एकेकीनं स्वतःच्या नावानं सांगितलं, मी हे केलं. लोक म्हणाले, युद्ध चाललंय, तुमचं काय मधेच? आम्ही म्हटलं, युद्धातच सांगणार. नियम बदलले. मोठं युद्ध आलं तेव्हा मी कागदावरही गनर म्हणूनच गेले. पण वरचे अधिकारी सगळे सुधारले असं समजू नकोस. माझ्या मैत्रिणी आजही तिथे लढताहेत. समोरच्या शत्रूशी आणि वरच्यांशीही."

ती काठी घेऊन उठली. "चल, मी मॅनेजरला सांगते. मी साक्षीदार आहे."

मी तिचा हात धरला. "नको. तू सांगितल्यावर खरं ठरणार असेल, तर माझं तोंड काय कामाचं?"

ती परत खुर्चीत बसली.

तीन दिवसांनी मॅनेजरनं अहवाल पुढे सरकवला. लिहिलं होतं, आग सातापानं विझवली, सफाई कामगार महिलेनं पाण्याची बादली आणून दिली. खाली माझ्या सहीची जागा.

"सही कर."

"खोटें आसा."

"नोकरी वतली."

"वचूं," मी म्हटलं. जाते तर जाऊ दे.

त्याच कागदाच्या पाठीवर मी मराठीत लिहिलं, आग मी विझवली. मी चार वर्षं राखणीचं काम करते. खाली नाव, गाव, सही.

मॅनेजर हसला. "मोठी सैनिक जाली!"

मी हसले नाही.

त्याच संध्याकाळी गणवेश काढून घेतला. आता मी लॉन्ड्रीत चादरी धुते. सातापा एकदा येऊन म्हणाला, "मी सत्कार नको म्हटलो होतो, ताई." मी म्हटलं, "मग तेच लिहून दे." तो गेला, अजून आला नाही. घरी सासू म्हणते, गप रव, हात बरो जाला न्हय? ओक्साना तिच्या देशात परत गेली. नव्या पोरींना जखमा बांधायला शिकवणार म्हणाली.

आम्हा चौघींपैकी तिघींनी कामगार कार्यालयासाठी अर्ज लिहिले, आमचं खरं काम कागदावर आणा म्हणून. चौथी घाबरली. तिच्यावर माझा राग नाही. मीही सत्काराच्या दिवशी घाबरूनच हसले होते.

सोमवारी मी कामगार कार्यालयात जाणार. तिथला माणूस विचारणार, काम काय करता? मी सांगणार, राखण. तो म्हणेल, कागदावर तसं नाही. मी म्हणेन, मग आता लिहा. आणि तो लिहीपर्यंत मी समोरच्या खुर्चीवरून उठणार नाही.