सत्यभामेची राखण

वरठीपासून दोन कोसांवर एक गाव आहे. तिथं कोणालाही विचारा सत्यभामा कशी बाई म्हणून. पहिलंच ऐकाल, की तिनं नवऱ्याला उपाशी ठेवून मारलं. शाळेत नव्वद पोरांना रोज खिचडी शिजवून वाढणारी बाई, आणि घरच्या माणसाच्या तोंडात अडीच महिने अन्नाचा कण जाऊ दिला नाही! लोकांच्या जिभेला हाड नसतं. खरी गोष्ट वेगळी आहे, ती ऐका.

हिरालाल, तिचा नवरा, वरठीच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी ड्यूटीवर जायला त्यानं सायकल काढली आणि अख्खं अंगण त्याच्याभोवती गरगर फिरलं. उलट्या झाल्या. मग उचकी लागली, ती दोन दिवस थांबली नाही. डावी पापणी उतरली, आवाज घोगरा झाला. नागपूरच्या दवाखान्यातून नवव्या दिवशी घरी आणला तो नाकात नळी घालून. हातपाय मात्र शाबूत! भिंतीला धरून चालायचा, सगळं समजायचं, इशाऱ्यानं थट्टासुद्धा करायचा. तिथंच घोळ झाला. बघायला येणारा जो तो म्हणे, "लकवा म्हणते, अन् माणूस तर चांगला चालून राहिला!"

त्यांची मुलगी खुशबू भंडाऱ्याला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. तिनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं चित्र काढून आईला समजावलं.

"हे चित्र पाय आई. वर मोठा मेंदू, अन् खाली हे त्याचं देठ, अंगठ्याएवढं. डोक्यातून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघते. पयल्या दोन सोडल्या तर बाकीच्या ह्या देठालेच जोडल्या. डोळे फिरवणं, चेहरा, कान, जीभ, सब्बन. श्वासबी इथूनच चालते."

"मंग बाबाचं काय बिघडलं?"

"देठाच्या खालच्या भागात, डाव्या अंगाले, थोड्याशा जागेचं रक्त बंद झालं. वाटाण्याएवढीच जागा असन. पण नववी अन् दहावी जोडी तिथूनच काम करते. घास मागं ढकलणं, अन् तो जाताना श्वासाची वाट बंद करणं."

वाटाण्याएवढी जागा! सत्यभामा त्या चित्राकडे बघत राहिली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं ते तिला आता उमगलं. त्या म्हणाल्या होत्या, "तोंडानं पाण्याचा थेंबही देऊ नका. ठसका लागला असता तर निदान कळलं असतं. यांना ठसकाही लागणार नाही. घास मुकाट्यानं फुफ्फुसात उतरेल."

तेव्हापासून तिनं त्या तोंडाची राखण मांडली. दर तीन तासांनी त्याला ताठ बसवायचं आणि मोठ्या सिरिंजनं नळीतून पेज, डाळीचं पाणी, दूध हळूहळू सोडायचं. दुपारी शाळेतून धावत यायचं, पुन्हा जायचं. बिघाड डावीकडचा असला तरी उजव्या हाताला गरम-थंड कळत नव्हतं, म्हणून आंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घ्यायचं. आणि रोज सकाळी मोबाइलचा टॉर्च लावून म्हणायचं, "आ करा." पडजीभ उजवीकडे ओढली जायची. घशाचा डावा पडदा तसाच लोंबत राहायचा.

हिरालाल खाण्याचा शौकीन माणूस, आणि वासाची ती पहिली जोडी शाबूत होती. हाल म्हणतात ते हेच! सत्यभामेच्या लुगड्याला खिचडीचा वास असायचा, तो आला की तो डोळे मिटून घ्यायचा. मायलेकी घरामागच्या बाडीत जाऊन गुपचूप जेवायच्या. एकदा त्यानं तिचा हात धरला. "एक घास, सत्या. एकच." तिनं हात सोडवून घेतला आणि बाडीत जाऊन ढसाढसा रडली. पण दिला नाही.

सासू ताराबाई रोज भांडायची. "बैलाले नाळीनं दवा पाजते तशी पाजतं तू माह्या पोराले! माय असून मी त्याले घास देऊ नाही? अशी कोणती बिमारी आहे वो?"

"आई, दिवाळीपर्यंत थांबा. हात जोडतो तुमच्यासमोर."

आणि दिवाळीत चमत्कार नाही, पण काहीतरी झालं खरं. "आ" म्हणताना डावा पडदा किंचित वर सरकला. सत्यभामेनं तीनदा टॉर्च मारून पाहिलं, मग खुशबूला हाका मारत सुटली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर गावातल्या मंडईच्या जत्रेनंतरच्या सोमवारची तारीख दिली. गिळण्याची तपासणी करू, जमलं तर पहिला चमचा तिथंच देऊ. हिरालालनं भिंतीवर कोळशानं रेघा ओढून दिवस मोजायला घेतले.

मंडई गुरुवारी होती. घर पाहुण्यांनी भरलं. सत्यभामा बाडीतल्या चुलीवर लाखोरीचे वडे तळत बसली, खुशबू वाढत होती. ताराबाईनं नव्या तांदळाची खीर केली होती. ती वाटी घेऊन लेकाच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. त्यानं नाही म्हटलं नाही. खोटं कशाला बोला, त्याच्याच तोंडाला पाणी सुटलं होतं. दोन घास दिले, तोंड पदरानं पुसलं. ठसका लागला नाही. ताराबाई मनात म्हणाली, पाय, घास गेला का नाही!

रात्री ताप चढला. शनिवारी श्वास लागला, छाती घरघरायला लागली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नर्सनं छातीतलं ओढून काढायला यंत्र लावलं. बाटलीत पांढरी शितं आली. खुशबूनं आईकडे पाहिलं. सत्यभामेनं आयुष्यभर तांदूळ शिजवला होता, तिला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या क्षणी तिला सासूचा असा राग आला, की समोर असती तर तिनं तिचा गळाच धरला असता.

हिरालालला श्वासाच्या मशीनवर घेणार होते. त्याआधी त्यानं तिला जवळ ओढलं. आवाज जेमतेम येत होता. "मायले... नोको सांगू."

सोमवार आला तेव्हा तो बेशुद्ध होता. बुधवारी गेला.

तेरवीला सगे जमले होते. पंगत उठली, बायका ओसरीवर बसल्या. ताराबाई भिंतीला टेकून होती, पंधरा दिवसांत पार वाळून गेलेली. एकाएकी ती सगळ्यांसमोर बोलली.

"अडीच महिने उपाशी ठेवलं वो हिनं माह्या लेकराले. पाणीसुदिक देल्लं नाही. मी म्हून चोरून दोन घास खीर चारली. तेवढीच त्याच्या पोटात गेली."

साऱ्या नजरा सत्यभामेवर वळल्या. खुशबू ताडकन उठली, चेहरा लालबुंद. "आजी, ते पोटात नाही..."

सत्यभामेनं तिचं मनगट इतकं आवळलं, की पोरीचे शब्द तिथंच थांबले. मग ती सासूजवळ जाऊन बसली, डोक्यावरून घसरलेला तिचा पदर नीट केला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"हाव, आई. तेवढीच त्याईच्या पोटात गेली."