फेर छे?

तळासरीत भरदिवसा माणूस झोकांडला, तर त्याचं निदान करायला डॉक्टर लागत नाही. सीमेपलीकडे गुजरातची दारूबंदी, अलीकडे अच्छाडपासून रांगेनं बार. २०१६च्या पावसाळ्यात मी वर्गात तारीख लिहायला फळ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे मान वर केली, सगळा वर्ग गरगर फिरला आणि मी अंगानंच फळा पुसत खाली बसलो. तेव्हा मुख्याध्यापकांनी आधी माझ्या तोंडाजवळ नाक आणलं आणि मग पाणी मागवलं. क्रम लक्षात घ्या.

"सर, काल घरी काही कार्यक्रम होता का?"

"संकष्टी होती."

"हं. बरं वाटेपर्यंत वर्गावर जाऊ नका. पालक बघतात."

अर्धं आयुष्य मी त्या वर्गांत काढलं होतं. आता मला ऑफिसात बसवून रजिस्टरांवर रेघा आखायला दिल्या. त्याही सरळ येईनात, म्हणजे संशय पक्का.

डहाणूत एका डॉक्टरांनी अशक्तपणा ठरवून सलाईन लावलं. दुसऱ्यांनी मणका ठरवून गळ्यात पट्टा अडकवला. चक्कर कधी येते, कशी येते, हे दोघांनीही विचारलं नाही. शेवटी वापीचे कानाचे डॉक्टर गाठायचं ठरलं. बायको उंबरगावची, गुजरातीत वाढलेली. म्हणाली, "मी येते."

"कशाला? मला येतं गुजराती."

माझं गुजराती सासूबाईंकडून ऐकलेलं. उन्हातून आल्या की त्या कपाळ धरून "फेर आवे छे" म्हणतात. फेर म्हणजे चक्कर. आजारपणाला एवढा शब्द पुरेसा होता.

तिथे मोठी तपासणी झाली. कॅमेरा असलेला काळा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कानात आधी गार, मग कोमट पाणी सोडलं. पलंगावर पडल्या पडल्या मी वाढवणच्या समुद्रात होडीतून जाऊन आलो. रिपोर्ट आला नॉर्मल. मी नॉर्मल असतो तर सबंध रस्ताभर शेअर जीपची दांडी धरून डोळे मिटून आलो असतो का?

गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "केम काका, फेर छे?"

"छे ने. बहु छे."

"सरस," ते म्हणाले. "गोळी चालू राखो."

त्यापुढच्या खेपेलाही तेच. माझ्या गरगरण्यावर हा माणूस खूश कसा होतो, या विचारानं माझा संताप संताप झाला. घरी येऊन मी गुजरातभरच्या डॉक्टरांचा उद्धार केला. पुढच्या वेळी बायको न विचारताच सोबत आली. "फेर छे?" "बहु छे," एवढं ऐकलं आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"अहो, ते फरक पडला का विचारतायत. आणि तुम्ही दर वेळी खूप फरक आहे म्हणून सांगून येताय."

डॉक्टरही हसले. मग, इतक्या खेपांनंतर पहिल्यांदा, चक्कर नेमकी केव्हा येते ते विचारलं.

"मान वर केली की. झोपेत कूस बदलली की."

त्यांनी मला बसवलं, मान एका बाजूला वळवली आणि डोकं पलंगाच्या कडेखाली जाईल असं झटकन आडवं केलं. छत फिरू लागलं. ते वाकून माझे डोळे बघत राहिले. "जुओ, नाचे छे," बायकोला म्हणाले. कानातले बारीक खडे जागा सोडून भलत्या नळीत शिरले होते. मग डोकं सावकाश या बाजूला, त्या बाजूला वळवून त्यांनी ते परत जागेवर घातले. बाहेर मागवलेला चहा अजून गरम होता.

ना चष्मा, ना पाणी. एक पलंग आणि दोन हात. पलंग तर सगळ्यांकडे होता. सलाईन घ्यायला मी त्यावरच आडवा पडलो होतो. तेव्हा मान थोडी वळवून बघायला कुणाच्या बापाचं काय जात होतं? बरं, मी शब्द चुकलो, मान्य. पण डहाणूतल्या दोघांशी तर मी चांगलं मराठीत बोललो होतो.

सोमवारी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिली. वर्ग जागच्या जागी राहिला. मागे वळलो तर दारात मुख्याध्यापक.

"वा सर, बरे झालात," म्हणत ते जवळ आले आणि नाकानं हळूच श्वास आत ओढला.

दुसऱ्या दिवसापासून मी सुकटाची चटणी खाऊन शाळेत जातो. लसूण भरपूर घालून.